ऊन पाण्याची वही

६ जुलै २०२५, रविवार. बेळगाव

आषाढी एकादशी. पुनर्वसूचा तरणा पाऊस सूर्याचे तोंड दिसू देत नाही. अंगणातला आंबा सारखा ठिबकतो आहे. मागच्या पडवीत काल हीट पंप बसला आणि आज पहिल्यांदा त्याच्या पाण्याने घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी झाल्या.

बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीला टेकलेले. जून सरला की इथे ऊन पाण्याची खरी अडचण सुरू होते. तांब्याचा बंब माळ्यावर आहे, पण ओली लाकडे पेटत नाहीत आणि ती फोडण्याइतकी ताकद ह्यांच्या खांद्यांत आता नाही. आमचे घर कौलारू, वर आंब्याची सावली, त्यामुळे सोलरचा विचार कधी जमलाच नाही. राहता राहिला गिझर. तो दोन हजार वॉट ओढतो आणि एका युनिटच्या विजेतून एका युनिटची उष्णता देतो. त्याहून जास्त तो देऊच शकत नाही.

हीट पंप उष्णता निर्माण करत नाही, ती वाहून नेतो. फ्रिज आतली उष्णता काढून पाठीमागच्या जाळीतून बाहेर टाकतो. इथे तेच काम उलट्या उद्देशाने होते. पडवीतल्या हवेतली उष्णता यंत्रातल्या वायूत शोषली जाते, कॉम्प्रेसर तो वायू दाबून तापवतो आणि टाकीभोवतीच्या नळीतून ती उष्णता पाण्यात उतरते. वीज लागते ती फक्त वाहतुकीला. विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले त्यांनी, १८५२ साली ही कल्पना कागदावर मांडली. झुरिकच्या नगरभवनात १९३८ साली शेजारच्या लिमाट नदीतून उष्णता उचलून दालने उबदार करणारा पंप बसला. शाळेत उष्मागतिकी शिकवताना हे सांगत आले. आता ते यंत्र घरात आहे.

बसवणाऱ्या मुलाने तापमान ६० वर ठेवले, चोवीस तास चालू राहील असे केले आणि पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवून तो गेला. "मॅडम, आता बघायचं काही नाही," म्हणाला. बघायचे खूप आहे. म्हणून ही वही.

९ जुलै

दुकानातून प्लगला लावायचे छोटे मीटर आणले. टाकी २०० लिटरची. राकसकोप धरणाचे पाणी वरच्या टाकीत सध्या २४ अंशांवर आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात, हा आकडा शाळेतल्या मुलींना मी तोंडपाठ करायला लावत असे.

पाणी २४ वरून ६० वर न्यायचे तर सव्वाआठ युनिटांहून थोडी जास्त उष्णता हवी. मीटरने खाल्ले २.७. म्हणजे तिप्पट परतावा. दुसऱ्या दिवशी ५० वर लावले. आता लागणारी उष्णता सहा युनिटे, मीटर म्हणते १.६. परतावा पावणेचार पट. फरक दोन्ही बाजूंनी पडला: उष्णताही कमी लागली आणि ती वाहून नेणेही स्वस्त झाले.

असे का, ते कार्नोच्या सूत्रात आहे. जितक्या उंचावर उष्णता चढवायची तितके कष्ट जास्त. हवा २० अंशांवर असताना पाणी ६० वर न्यायचे तर अगदी आदर्श यंत्रालाही ८.३ पटींपेक्षा जास्त परतावा मिळणार नाही; तेच ५० ला १०.८ पट. खरे यंत्र ह्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पोचते, पण चढ-उतार तसाच राहतो. गिझरला ह्याचे सोयरसुतक नसते. त्याला ५० काय आणि ६० काय, परतावा एकच. म्हणून गिझर वापरणाऱ्या घरांना काटा कुठे ठेवायचा याची सवयच नाही, आणि तीच सवय हीट पंपावर चालली तर फायद्यातला काही भाग वाया जातो.

५० चे पाणी पुरते का? अंघोळीचे पाणी ४० चे. टाकीतले ५० चे पाणी नळाच्या २४ च्या पाण्यात मिसळले की वीस लिटरच्या सोळा बादल्या होतात. टाकीच्या तळाशी येणारे गार पाणी धरून दोन कमी करा. आम्ही चौघे, प्रत्येकी दोन बादल्या. पुरून उरते.

१४ जुलै

आत्याबाईंची तक्रार: "पाणी गारच येतंय की गं." वय ८६. त्यांना कढत पाणी लागते, बंबाच्या तोटीतून येई तसे. आत जाऊन पाहिले. पाणी गार नव्हते, उशिरा येत होते. पडवीपासून त्यांच्या मोरीपर्यंत नळाची लांबी बारा मीटर, पाऊण इंची नळी. एवढ्या नळीत पावणेचार लिटर पाणी मावते. रात्रभर ते भिंतीत थंड पडून राहते आणि सकाळी आधी तेच बाहेर येते. म्हातारे माणूस ओलेत्या अंगाने वाट बघत उभे राहणार, हे बरे नाही. शिवाय अंघोळ झाल्यावर तेवढेच तापलेले पाणी पुन्हा नळीत अडकून गार होते. ते आपण तापवतो आणि भिंतीला देतो.

तापमान ६० करून हे सुटत नाही. उलट धोका वाढतो. ६० अंशांचे पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी भाजते, ५० च्या पाण्याला त्यासाठी काही मिनिटे लागतात, आणि आत्याबाईंची कातडी कागदासारखी पातळ. आज उद्यमबागेतल्या ओळखीच्या फिटरला बोलावले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचे दुकान काढले ते ह्याच गावात, आणि हाताने काम जाणणारी माणसे बेळगावात आजही मिळतात याचे मला कौतुक वाटते. त्याने भिंतीबाहेरून अर्ध्या इंची नवी नळी टाकली. ती मागच्या बाजूने आठ मीटरांतच मोरीत पोचली. वर काळ्या रबरी फोमचे आवरण घातले. आता नळीत दीड लिटरपेक्षा कमी पाणी अडकते. आत्याबाईंचा निकाल: "बरं आहे की."

२२ जुलै

पुष्य. म्हातारा पाऊस. झड लागली आहे. दुपारी हवा २२ अंश, आणि भिंतीवरचा आर्द्रतामापक नव्वदीच्या पुढे.

पंपाच्या खालच्या नळीतून थेंब पडतात म्हणून बादली ठेवली होती. टाकी एकदा तापेपर्यंत तिच्यात दोन लिटर पाणी जमते. यंत्राच्या गार जाळीवर हवेतली वाफ पाणी होऊन ठिबकते आणि पाणी होताना आपली सुप्त उष्णता सोडून देते, लिटरला जवळजवळ पावणेसात दशांश युनिट. दोन लिटरांचे १.३ युनिट झाले. हवेतून पंप साधारण साडेचार युनिटे उचलतो. त्यांतला जवळजवळ तिसरा हिस्सा ह्या दमटपणातून आला! ज्या हवेने आपले कपडे वाळत नाहीत, डाळीला बुरशी येते, तीच हवा अंघोळीचे पाणी तापवते आहे. पावसाळ्यात सोलरची काच ढगाखाली गप्प पडते तेव्हा हीट पंप मात्र जोमाने चालतो. बेळगाव, खानापूर, चंदगड, आजरा ह्या पट्ट्यासाठी ही गोष्ट मोलाची आहे, आणि जाहिरातीत ती कुठेच सांगितलेली नाही.

आणखी एक. पंप जी हवा बाहेर टाकतो तिच्यातली बरीच वाफ निघून गेलेली असते. पडवीच्या दोन झडपा लावून घेतल्या आणि दोरी बांधली. कपडे कडक वाळत नाहीत, पण कुबट वास गेला. तिसरी झडप मुद्दाम उघडी ठेवते. खोली पूर्ण बंद केली तर पंप स्वतःच गार केलेली हवा पुन्हा ओढत बसतो आणि परतावा घसरतो.

६ ऑगस्ट

हेस्कॉमचे विजेचे बिल आले. गृहज्योती योजनेमुळे कर्नाटकातल्या घरांना ऑगस्ट २०२३ पासून शून्य बिल मिळते, पण हिशेब सरसकट नाही. २०२२-२३ सालच्या सरासरी वापरावर दहा टक्के, तेवढी युनिटे माफ. त्यावर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे. २०० ओलांडलीत तर सगळ्याच युनिटांचे. आमची माफी १५६ ची. मागच्या वर्षी जुलैत गिझर, इस्त्री, पंखे मिळून ती ओलांडली होती. यंदा ती ओलांडली गेली नाही.

संध्याकाळी भाचीचा फोन. ती अर्जुननगरला राहते, निपाणीला लागून. देवचंद कॉलेज तिथेच. रस्ता ओलांडला की कागल तालुका, कोल्हापूर जिल्हा, महाराष्ट्र. वीज महावितरणची, पहिल्या युनिटापासून पैसे. तिला मी म्हटले, "माझ्यापेक्षा तुझा हीट पंप लवकर फिटेल." एकच यंत्र, एकच पाऊस, एकच भाषा, आणि कोगनोळीच्या नाक्याच्या दोन बाजूंना हिशेब निराळा. इकडच्यांना मर्यादा राखण्यात फायदा, तिकडच्यांना प्रत्येक युनिटात.

१९ ऑगस्ट

५० अंशांवर एक काळजी घ्यावी लागते. लेजिओनेला नावाचा जिवाणू २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर माणसे न्यूमोनियाने दगावली, त्याच्या तपासात तो सापडला. पाण्याचे बारीक तुषार श्वासातून आत गेले की तो फुप्फुसात पोचतो. घरात म्हातारे माणूस आहे, म्हणून दर रविवारी टाकी एकदा ६० वर नेण्याची सोय यंत्रात लावली. त्या दिवशी वीज थोडी जास्त जाते. जाऊ दे. ५० च्या खाली मात्र कुणी रोजचे तापमान आणू नये, कितीही वीज वाचत असली तरी.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

पहाटेचे अभ्यंग. घर पाहुण्यांनी भरलेले. आत्याबाईंनी हट्टाने बंब खाली काढून घेतला, कोरडी लाकडे आणि नारळाच्या शेंड्या घालून पेटवला. उटणे, धूर, कारीट, सगळे साग्रसंगीत. त्यांची अंघोळ बंबाच्या पाण्याने, बाकी सगळ्यांची पंपाच्या. टाकी काल दुपारी ५५ ला नेऊन ठेवली होती. बादल्या कमी पडल्या नाहीत.

९ नोव्हेंबर. अक्कोळ

माहेरी. भावाच्या उसाला तोड आली आहे आणि थोडा ऊस शेजारच्या गुऱ्हाळावर जाणार. निपाणीचा हा भाग तंबाखूचा म्हणून ओळखला जातो. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी महामार्गावर बसले आणि गोळीबारात शेतकरी गेले, ते ह्याच भागात. पण इथला ऊस आणि गूळही काही कमी नाही.

भावाने विचारले, "आक्का, तुझं ते यंत्र गुऱ्हाळाला चालेल काय?"

नाही चालणार. काहिलीतला रस गूळ होताना ११८ अंशांच्या आसपास जातो. हवेतल्या २५ अंशांवरून तिथवर चढवायचे म्हणजे परतावा इतका खाली येतो की चिपाड जाळणेच शहाणपणाचे, आणि चिपाड फुकट आहे. हीट पंपाची जागा जिथे चढण छोटी तिथे. अंघोळीचे पाणी, न्हाणीघराची ऊब, खोलीची ऊब. गुऱ्हाळाला सुधारणा हवी ती चुलवाणाची. धुराड्यातून जाणारी उष्णता पहिल्या काहिलीत रस कोमट करायला वळवली तर चिपाड उरते. असे दुहेरी काहिलीचे चुलवाण काही गुऱ्हाळांवर आहे. भाऊ ते बघून येतो म्हणाला.

१६ नोव्हेंबर, रविवार. बेळगाव

थोरल्याचा फोन, श्टुटगार्टजवळच्या त्याच्या गावातून. त्यांनी मागच्या वर्षी घर घेतले. हीट पंप आणि सगळ्या खोल्यांच्या फरशीखाली पाण्याच्या नळ्या. तक्रारी दोन: वीज फार जाते, आणि न्हाणीघर गार तर झोपायची खोली उकडते. "आई, तू वही घेऊन बैस," म्हणाला. बसले.

बाहेर ३ अंश. फरशीत जाणारे पाणी ४१ अंश. प्रत्येक खोलीच्या थर्मोस्टॅटला वेगळे तापमान दिलेले, रात्री सगळे १७ वर आणलेले. ऐकूनच मला पडवीतला ६० चा काटा आठवला. बसवून देणारा कुठल्याही देशात सुरक्षित बाजूला जास्तच ठेवून जातो. कुणी गारठ्याची तक्रार करू नये एवढेच त्याला बघायचे असते. बिल त्याच्या घरी येत नाही.

आधी हिशेब. घर १२० चौरस मीटर, नवीन, भिंती जाड आवरणाच्या. कडाक्यातही चौरस मीटरला ४० वॉट पुरावेत. फरशी खोलीपेक्षा एक अंश जास्त गरम असली की चौरस मीटरला १० ते ११ वॉट देते. म्हणजे खोली २१ आणि फरशी २५, एवढेच पाहिजे. युरोपच्या मानकात राहत्या खोलीची फरशी २९ च्या वर आणि न्हाणीघराची ३३ च्या वर नेऊ नये असे आहे; आपण त्या हद्दीच्या जवळही जायचे कारण नाही. नळ्यांतल्या पाण्याला त्यासाठी ३२-३३ पुरे. आणि पाणी एक अंशाने उतरवले की वीज साधारण अडीच टक्के वाचते.

त्याला सांगितले ते असे. सगळे थर्मोस्टॅट पूर्ण उघड. रात्रीची कपात बंद कर. नळ्यांवरचा सहा-सात सेंटिमीटरचा सिमेंटचा थर गरम व्हायला काही तास घेतो आणि पहाटे त्याला पुन्हा वर आणायला यंत्र नेमक्या सगळ्यांत थंड हवेत जोर लावते. मग यंत्रातली ती रेघ खाली आण, बाहेर किती थंडी असता आत किती ऊन पाणी सोडायचे ते ठरवणारी. एक पायरी उतरव आणि दोन दिवस हात लावू नकोस.

"दोन दिवस?"

होय. फरशी सावकाश बोलते.

२३ नोव्हेंबर

पाणी ३६ वर आले. न्हाणीघर अजून गार. आता वाटपाचे काम. जिन्याखालच्या पेटीत एका जाड नळीवर प्रत्येक खोलीच्या वेटोळ्याचा स्वतंत्र कॉक आहे, वर प्रवाह दाखवणारी काचेची नळी. पाणी आळशी असते; जिथे वेटोळे लहान आणि अडथळा कमी तिथे जास्त धावते. झोपायच्या खोलीचे वेटोळे पेटीला लागून, न्हाणीघराचे वरच्या मजल्यावर. झोपायच्या खोलीचा कॉक आवळला, न्हाणीघराचा पूर्ण मोकळा. रेघ जशीच्या तशी. ह्या क्रमाला महत्त्व आहे. आधी गार खोलीसाठी सगळ्या घराचे पाणी तापवायचे आणि मग गरम खोल्या बंद करायच्या, असे बहुतेक जण करतात. त्यात वीज जाते, आणि कमी पाणी फिरल्याने पंप दर काही मिनिटांनी सुरू-बंद होत राहतो. असे धक्के कॉम्प्रेसरचे आयुष्य खातात.

३० नोव्हेंबर

३३ वर स्थिर. आता सूनबाईंचा प्रश्न, आणि प्रश्न अगदी रास्त: "आई, फरशी गरम लागतच नाही. मग एवढा खर्च कशाला?"

तळपायाची कातडी २८-३० अंशांची. २५ ची फरशी तिला ऊनही वाटणार नाही आणि गारही. भिंतीवरचा काटा २१ दाखवतो, अंगात पातळ स्वेटर पुरतो, हेच यश. गरम लागणारी फरशी हे जास्त वीज जात असल्याचे लक्षण समजावे.

कोमट फरशीचा आणखी एक गुण तिला समजावून सांगितला, तो मला स्वतःला फार आवडतो. दुपारी काचेतून ऊन आले आणि खोली २१ ची २३ झाली. २५ ची फरशी आता चार अंशांऐवजी दोनच अंशांनी वर आहे, म्हणून तिने दिलेली उष्णता आपोआप निम्मी झाली. २९ ची फरशी असती तर आठाचे सहा, फक्त पाव हिस्सा कमी, आणि खोली उकडत राहिली असती. थर्मोस्टॅटने ठिकाणावर येण्याआधीच फरशीने ते काम केलेले असते. नातवाने मध्येच येऊन फरशीवर लोळून दाखवले. ते प्रात्यक्षिक मला पुरेसे.

१४ डिसेंबर

थोरल्याने आकडे पाठवले. बाहेरची थंडी मागच्या डिसेंबरच्या तोडीची असलेले दिवस निवडून तुलना केली. वीज पाचव्या हिश्श्याने कमी. तो आता विचारतो की बाहेरच्या यंत्रावर बर्फाची साय धरते आणि मधूनच वाफा निघतात, बिघाड तर नाही? नाही. दमट हवा शून्याच्या आसपास असली की जाळीवर हिम धरते. यंत्र थोडा वेळ उलटे चालून ते वितळवते. माझ्या पडवीत जुलैत बादली भरते, त्याच्या अंगणात डिसेंबरात हिम धरते. वाफ तीच.

२८ डिसेंबर

आमची थंडी. पहाटे बाहेर १३, आतल्या फरशीवर १९. आत्याबाई म्हणतात, "थोरल्याच्या घरासारख्या नळ्या आपल्याकडे घाल की."

मनापासून विचार केला. घालू नयेत असेच ठरले. कौलांच्या फटीतून ऊब सरळ आकाशात जाते. आधी छत आणि भिंती न झाकता फरशी तापवणे म्हणजे विजेची नासाडी, आणि गरज वर्षात सहा-आठ आठवड्यांची. पण त्यांच्या पायाला लागणारा गारठा खरा आहे. ह्या खोलीत पूर्वी शेणाने सारवलेली जमीन होती, आता ग्रॅनाइट. दोन्ही १९ अंशांवर असली तरी ग्रॅनाइट पायातली उष्णता कोरड्या मातीपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतो. उपायही तेवढाच साधा. पलंगापासून मोरीपर्यंत जाड घोंगडी अंथरली, खाली घसरू नये म्हणून रबरी जाळी. कौलांखाली लाकडी फळ्यांचे छत करून घ्यायचे उन्हाळ्यात ठरवले आहे. आणि अगदी कडाक्याच्या रात्री उष्णता देणारा एसी, २२ वर. तोही हीट पंपच; दोन हजार वॉटच्या तांबड्या तारेच्या हीटरला जेवढी ऊब द्यायला दोन युनिटे लागतात तेवढी तो अर्ध्या-पाऊण युनिटात देतो.

१३ जानेवारी २०२६, भोगी

न्हाण्याचा दिवस. डोक्यावरून पाणी, बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, तीळ. टाकीचे गणित हिवाळ्यासाठी बदलले आहे. नळाचे पाणी आता १८ अंश, म्हणून ५३ वर ठेवते. रात्रभरात तीनेक अंश उतरून पहाटे ५० मिळते. पंप पहाटे चालवत नाही. दुपारी बारा ते चार, हवा २८ असताना. पहाटेच्या १३ अंशांच्या हवेत ५० पर्यंत न्यायला आदर्श यंत्राचा परतावा ८.७ पट, दुपारच्या २८ मध्ये ५३ पर्यंत न्यायलाही १३ पट. टायमर लावायला काही खर्च येत नाही.

शेजारच्या नव्या घरावर सोलर आहे. कर्नाटकात ठरावीक आकाराच्या नव्या घराला वीजजोडणी घेताना तो बसवावाच लागतो. जानेवारीत त्यांचे पाणी फुकट आणि माझ्यापेक्षा कढत. ऑक्टोबर ते मे सोलर हीट पंपाला हरवतो, यात वाद नाही. पण जून ते सप्टेंबर ते लोक सोलरच्या टाकीतली दोन-तीन हजार वॉटची कॉइल चालवतात आणि त्यांची गृहज्योती तिथेच संपते. म्हणून माझे मत असे: ज्यांचे छत मोकळे आहे त्यांनी सोलरच बसवावे आणि पावसाळ्यासाठी कॉइलऐवजी छोटा हीट पंप जोडावा. ज्यांचे घर कौलारू, झाडाखाली किंवा फ्लॅटमध्ये आहे त्यांनी नुसता हीट पंप. आपल्या सीमाभागातल्या नगरपालिकांनी आणि वीज कंपन्यांनी सोलरच्या नियमात हा जोड मान्य करावा. कोकणाला लागून असलेल्या ह्या पावसाळी पट्ट्याला आणि बळ्ळारीच्या उन्हाला एकच नियम पुरत नाही.

आणि हे यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. विकणारा माणूस दारातून जाण्याआधी त्याच्याकडून तापमान, टायमर आणि आठवड्याची ६० ची फेरी तुमच्यासमोर लावून घ्या आणि ती कशी बदलायची ते स्वतः करून पाहा. विहिरीचे जड पाणी असेल तर टाकीतली मॅग्नेशियमची कांडी वर्षातून एकदा काढून बघायला सांगा. ती झिजून संपली की गंज टाकीला धरतो. नवीन घर बांधत असाल तर ऊन पाण्याची नळी लहान व्यासाची, जवळच्या वाटेने आणि आवरण घालूनच भिंतीत गाडा. गिलावा झाल्यावर ते करता येत नाही.